तेलाचा बाथ देऊनही कल्ल्यांतले कृमी परत येतात: कारणं आणि उपाय

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. शेततळ्यातल्या रूपचंदच्या किंवा कटल्याच्या बोटुकलीच्या (बोटाएवढ्या माशांच्या) कल्ल्यांत कृमी सापडले, लवंगेच्या किंवा गवती चहाच्या तेलाचा बाथ दिला, म्हणजे तेल मिसळलेल्या पाण्यात मासे थोडा वेळ ठेवले, दोन-तीन दिवस मासे खाद्यावर आले. आठवडा-दहा दिवसांत पुन्हा तेच: मासे पाणी आत येतं त्या धारेशी गोळा होतात, कल्ल्यांची झाकणं अर्धवट उघडी, अंग बांधाला घासणं सुरू. मग पुढच्या खेपेला डोस दुप्पट होतो. दुप्पट डोसाने मासे दगावतात आणि कृमी मात्र राहतात.

वनस्पतींच्या सुगंधी तेलांत परजीवी मारण्याची ताकद खरी आहे. लवंगेतलं युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल, गवती चहातलं सिट्रल, टी ट्रीतलं टर्पिनेन-४-ऑल हे घटक कृमीच्या नाजूक आवरणावर थेट काम करतात. पण ते त्या वेळी माशाच्या अंगावर असलेल्या परजीवीवर काम करतात. तळात पडलेली अंडी, तळ्याच्या प्लास्टिक कागदाला चिकटलेली अंडी, पाण्यात पोहणारी पिल्लं यांच्यापर्यंत तेल पोचतच नाही. म्हणून पहिला प्रश्न "डोस किती" हा नसतो. परजीवी कोणता आणि तो अंडी कुठे, किती दिवसांनी घालतो, हे आधी कळायला हवं.

स्लाइड पाहिल्याशिवाय तेलाची बाटली उघडू नका

तळ्यातले पाच मासे घ्या, त्यात निदान तीन सुस्त असावेत. मेलेला मासा चालत नाही. मासा मेला की बरेच परजीवी त्याला सोडून जातात. डाव्या बाजूची दुसरी कल्ल्याची कमान कात्रीने कापा, तिच्या लाल झालरीची टोकं स्लाइडवर घ्या, वर त्याच तळ्याच्या पाण्याचा थेंब टाका आणि कव्हर स्लिप ठेवा. नळाचं पाणी वापरू नका, त्यातल्या क्लोरिनने परजीवी आक्रसतात. शंभर पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. अंगावरची बुळबुळ कव्हर स्लिपच्या कडेने खरवडून दुसरी स्लाइड करा.

डॅक्टिलोगायरस हा कल्ल्यांतला कृमी दिसायला अगदी स्पष्ट असतो. जळूसारखा लांब होतो, आखडतो, मागच्या टोकाच्या आकड्यांनी झालरीला धरून राहतो आणि पुढचं टोक चहूकडे फिरवतो. पुढच्या टोकाला चार काळे ठिपके असतात, ते त्याचे डोळे. गायरोडॅक्टायलस या दुसऱ्या कृमीला हे ठिपके नसतात. त्याच्या पोटात आकड्यांसह तयार पिल्लू दिसतं, कारण तो अंडी घालत नाही, पिल्लू जन्माला घालतो. तिलापियाच्या कल्ल्यांत सिक्लिडोगायरस सापडतो, तोही डॅक्टिलोगायरससारखा अंडी घालणारा.

ट्रायकोडायना हा कृमी नसून एकपेशीय परजीवी आहे; तो गोल तबकडीसारखा गरगर फिरतो आणि आत दातेरी कडं दिसतं. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा परजीवी, म्हणजे इक, हा मोठा गोळा असून सावकाश लोळतो. त्याच्या आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक असतं. आर्ग्युलस म्हणजे माशाची ऊ. तिला सूक्ष्मदर्शक लागत नाही: चपटी, हिरवट पारदर्शक, दोन काळे डोळे, परांच्या मुळाशी चिकटलेली. लर्निया हा दोऱ्यासारखा अंगातून बाहेर लोंबतो, त्याचं डोकं मांसात रुतलेलं असतं.

स्वतःला ओळखता येत नसेल तर स्लाइडचे मोबाइलवर व्हिडिओ काढा. स्थिर फोटोपेक्षा परजीवीची हालचाल ओळखायला जास्त उपयोगी पडते. रत्नागिरी, उदगीर, नागपूर इथल्या मत्स्य महाविद्यालयांत किंवा मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत दाखवता आले तर उत्तम.

या ओळखीवर पुढचं सगळं ठरतं. ट्रायकोडायना असेल तर तेलावर पैसे घालू नका. तो दुभंगून वाढतो आणि सडक्या सेंद्रिय घाणीवर पोसतो. २ ते ३ टक्के मिठाच्या पाण्यात (लिटरला २० ते ३० ग्रॅम) दोन-तीन मिनिटांची बुडी, उरलेलं खाद्य बंद, तळाचं पाणी बदल, एवढ्यात तो आटोक्यात येतो. इक कातडीच्या थराखाली असतो, तिथे तेल पोचत नाही. तो मासा सोडून पाण्यात येतो तेव्हाच मरतो. लर्नियाची मोठी मादी तेलाच्या बाथने सुटत नाही. तेलाचा खरा उपयोग आहे तो कल्ल्यांतल्या आणि अंगावरच्या कृमींवर, आणि काही प्रमाणात उवेवर.

परत येण्याचं मुख्य कारण: दोन बाथमधलं अंतर

डॅक्टिलोगायरसची अंडी कठीण कवचाची असतात. तीस मिनिटांच्या तेलाच्या बाथने त्यांना काही होत नाही. पाणी २८ ते ३० अंश असेल तर ती दोन ते चार दिवसांत फुटतात, पोहणारं पिल्लू काही तासांत मासा शोधतं आणि साधारण आठवड्याभरात तेच अंडी घालू लागतं. पाणी २० अंशांच्या आसपास असेल तर हे सगळं जवळपास दुपटीने लांबतं.

यावरून नियम निघतो: पुढचा बाथ असा बसला पाहिजे की जुनी अंडी फुटलेली असतील, पण त्यांतून निघालेल्या पिल्लांनी अजून नवी अंडी घातलेली नसतील. एप्रिल-मेमध्ये हे अंतर चार ते पाच दिवसांचं पडतं. डिसेंबर-जानेवारीत आठ ते दहा दिवसांचं. एकूण तीन बाथ लागतात. "दर रविवारी एक" असं वेळापत्रक लावलं की उन्हाळ्यात पुढच्या रविवारपर्यंत नवी पिढी अंडी घालू लागलेली असू शकते. तेल चांगलं होतं, डोस बरोबर होता, तरी उपाय फसतो तो इथे. थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांत मिळतो आणि या कामात तेलाइतकाच गरजेचा आहे. सकाळी सहाला आणि दुपारी तीनला, पाण्यात हातभर खोल धरून तापमान घ्या आणि सरासरीवर अंतर ठरवा.

गायरोडॅक्टायलसला अंड्यांची भानगड नाही, पण त्याच्या पोटातल्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू वाढत असतं. माशावर चार-पाच जरी उरले तरी संख्या भराभर चढते. त्याच्यासाठी तीन-चार दिवसांच्या अंतराने दोन बाथ पुरतात, मात्र प्रत्येक मासा टबातून गेलाच पाहिजे. जाळ्यातून निसटलेले वीस मासे म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

दुसरं कारण पहिल्याइतकंच मोठं: बाथ झालेला मासा त्याच पाण्यात परत सोडणं. तिथे फुटलेली पिल्लं वाटच पाहत असतात. बाथ झालेली बोटुकली त्याच तळ्यात लावलेल्या हाप्यात (जाळीच्या पिशवीत) ठेवली जाते आणि ती वेगळी ठेवल्याचं समाधान मिळतं. हाप्याच्या जाळीतून पाणी जातं तशी पिल्लंही जातात. मासे वेगळे ठेवायचे तर पाणीही वेगळं लागतं: विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्याची टाकी. निदान पाच दिवस मासा नसलेल्या पाण्यात उरलेली पिल्लं यजमान न मिळाल्याने मरतात, आणि उन्हाळ्याच्या तापमानात तोपर्यंत अंडीही फुटून गेलेली असतात. दोन टाक्या असतील तर बाथच्या दिवशी मासे एकीतून दुसरीत हलवा, पहिली धुऊन उन्हात कोरडी करा, पुढच्या बाथला उलटं करा. रोपवाटिकेत हा फेरा शक्य आहे आणि तो केला की तेलाचा गुण दिसतो.

तेल तळ्यात ओतू नका, टबात वापरा

३० बाय ३० मीटरच्या, तीन मीटर खोल आणि १:१ उताराच्या शेततळ्यात दोन मीटर पाणी असेल तर ते सुमारे साडेतेरा लाख लिटर होतं. लिटरला २० मिलिग्रॅम म्हटलं तर २७ किलो तेल लागेल. स्वस्तातलं गवती चहाचं तेलही किलोला हजार रुपयांच्या आसपास पडतं. एवढा खर्च करूनही गाळ, शेवाळ आणि सेंद्रिय कण तेलाचा मोठा भाग धरून ठेवतात, ऊन सिट्रलची मोडतोड करतं, एरेटर उडणारे घटक हवेत घालवतो. शिवाय तेल विरघळवण्यासाठी घातलेलं अल्कोहोल किंवा इमल्सिफायर जिवाणू खातात आणि त्या नादात रात्रीचा ऑक्सिजन उतरतो. तेल टाकल्यावर पहाटे मासे वर आले तर दोष परजीवीचा नसून या ऑक्सिजनचा असतो, आणि तेव्हा लोक आणखी तेल टाकतात.

उजनीसारख्या जलाशयातल्या ६ बाय ४ मीटरच्या पिंजऱ्याला ताडपत्री गुंडाळून बाथ देता येतो. जाळं दीड मीटरपर्यंत वर घेतलं की आत ३६,००० लिटर पाणी राहतं आणि २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ७२० ग्रॅम तेल लागतं. हे परवडतं, पण तेल सगळीकडे सारखं पसरवणं अवघड जातं. एका कोपऱ्यात मासे उलटे पडतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात कृमींना धक्काही लागत नाही. दोन माणसं वल्ह्याने सतत ढवळणारी, एअर पंपाचे चार दगड (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारे) आणि ताडपत्री एका झटक्यात सोडण्याची तयारी नसेल तर या वाटेला जाऊ नये.

तेल पाण्यात मिसळत नाही, ते मिसळवावं लागतं

टबाच्या कडेला तेलाचा गोल तवंग दिसला की समजा, डोस कागदावरच राहिला. वरच्या थरात तेल खूप दाट असतं आणि खाली जवळपास काहीच नसतं. श्वास घ्यायला वर येणारा मासा नेमका त्या तवंगात तोंड घालतो. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड असतं, त्याचे थेंब तळाशी बसतात. गवती चहाचं आणि टी ट्रीचं हलकं असल्यामुळे तरंगतं. दोन्ही प्रकारांत चूक एकच.

ट्वीन ८० म्हणजे पॉलिसॉर्बेट ८० हा इमल्सिफायर रसायनांच्या दुकानात मिळतो. ५०० लिटरच्या टबासाठी, लिटरला २० मिलिग्रॅमच्या हिशेबाने कृती अशी:

१. टबाचं पाणी मोजा. १२० सेंटिमीटर व्यासाच्या गोल टबात ४५ सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळपास ५१० लिटर. टबावर छापलेला आकडा काठोकाठ भरल्यावरचा असतो, तो धरू नका.

२. सोनाराच्या छोट्या डिजिटल काट्यावर १० ग्रॅम तेल काचेच्या बाटलीत घ्या. थेंब मोजू नका. ड्रॉपरप्रमाणे थेंबाचं वजन दीडपट-दुप्पट बदलतं. मिलिलिटरमध्ये घेणार असाल तर लवंगेचं साधारण ९.६, गवती चहाचं किंवा टी ट्रीचं सव्वाअकराच्या आसपास लागेल.

३. त्यात १० ग्रॅम ट्वीन ८० घाला, झाकण लावून दोन मिनिटं जोरात हलवा. एकजीव, किंचित घट्ट द्रव दिसला पाहिजे.

४. आता कोमट पाणी चमच्या-चमच्याने घालत आणि हलवत २०० मिलिलिटरपर्यंत न्या. क्रम महत्त्वाचा आहे. तेल आणि पाणी आधी एकत्र करून ट्वीन नंतर घातलं तर दाणेदार फाटलेलं मिश्रण होतं आणि ते कितीही हलवलं तरी सुधारत नाही.

५. दुधासारखं झालेलं मिश्रण अर्धा तास स्थिर ठेवून पाहा. वर तेलाचं कडं आलं तर ते टाकून द्या. टिकलं तर दहा लिटरच्या बादलीत टबाचंच पाणी घेऊन त्यात मिसळा आणि हवेचे दगड चालू असलेल्या टबात सगळीकडे फिरवत ओता.

६. पाच मिनिटं थांबून मग मासे सोडा. मासे आत असताना वरून मिश्रण ओतलं तर पहिला लोट ज्यांच्या तोंडावर येतो ते मासे जातात.

मिश्रण त्याच दिवशी वापरायचं. टब एचडीपीई किंवा फायबरचा असावा. थर्माकोलच्या पेटीत हे करू नका. लवंग आणि लिंबूवर्गीय तेलं थर्माकोल विरघळवतात.

दारूच्या स्पिरिटमध्ये एकास नऊ प्रमाणात तेल विरघळवण्याची पद्धत प्रयोगशाळांत चालते. इथे बाजारात सहज मिळणाऱ्या रंग-पॉलिशच्या स्पिरिटमध्ये मिथेनॉल असू शकतं, ते माशांच्या जवळ आणू नये.

ट्वीनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टिकलबॅक या लहान माशांवरच्या गायरोडॅक्टायलसवर टी ट्री तेल आणि ट्वीन ८० वापरलं गेलं. लिटरला ३ ते ३० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात कृमी घटले, पण नुसत्या ट्वीननेही कृमींवर बऱ्यापैकी परिणाम केला. म्हणजे तेलाचा गुण मोजताना एका बादलीत फक्त ट्वीन ठेवून तुलना केलीच पाहिजे. नाहीतर महागड्या तेलाला मिळणारं श्रेय स्वस्त इमल्सिफायरचं असू शकतं.

डोस आपल्याच माशांवर ठरवा

दुसऱ्याच्या तळ्यातला डोस आपल्याकडे चालत नाही, कारण माशाची जात, वजन, तापमान, पाण्याचा कठीणपणा आणि तेलाची प्रत, सगळं वेगळं असतं. चाचणीला एक सकाळ जाते, पण ती टाळू नका. मासे आदल्या दिवशी उपाशी ठेवा. भरल्या पोटी ऑक्सिजनची गरज जास्त असते आणि ओकलेलं खाद्य पाणी बिघडवतं.

२ ग्रॅम तेल आणि २ ग्रॅम ट्वीन वरच्या क्रमाने मिसळून एकूण २ लिटर मिश्रण करा. याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम तेल आहे. २० लिटर पाण्याच्या बादल्यांत १००, २००, ४००, ८०० मिलिलिटर घातलं की लिटरला अनुक्रमे ५, १०, २०, ४० मिलिग्रॅम होतं. पाचवी बादली साध्या पाण्याची. सहावीत फक्त ट्वीन: १ ग्रॅम एक लिटर पाण्यात मिसळून त्यातलं ८०० मिलिलिटर. प्रत्येकीत पाच मासे आणि हवेचा दगड.

तीस मिनिटं नजर हलवू नका. मासा आधी बिथरतो, मग हालचाल मंदावते, मग तोल जाऊन आडवा होतो. तोल गेला तेव्हाच बादलीवर वेळ लिहा आणि मासा स्वच्छ पाण्यात हलवा. अर्ध्या तासानंतर सगळे मासे वेगवेगळ्या स्वच्छ पाण्यात ४८ तास ठेवा. हे ४८ तास फार महत्त्वाचे आहेत. तेलाने कल्ल्यांच्या पापुद्र्यांना सूज आली तर मासा बाथमध्ये मरत नाही, दुसऱ्या दिवशी मरतो, आणि मग दोष परजीवीवर ढकलला जातो.

ज्या बादलीत एकाही माशाचा तोल गेला नाही आणि ४८ तासांत मर नाही, ती सर्वांत वरची मात्रा तुमची कमाल. टबाच्या पाण्याचं तापमान चाचणीपेक्षा तीन अंशांनी जास्त असेल तर चाचणी पुन्हा करा, कारण गरम पाण्यात तेल माशाला जास्त बाधतं आणि ऑक्सिजन कमी विरघळतो.

आता गुण पाहा. त्या मात्रेच्या बादलीतल्या आणि साध्या पाण्यातल्या माशांची डाव्या बाजूची दुसरी कमान ते ४८ तास पुरे झाल्यावर कापून कृमी मोजा. निम्म्याहून कमी कृमी घटले असतील तर ते तेल तुमच्या माशांसाठी कामाचं नाही. माशाला सोसवेल आणि कृमीला सोसवणार नाही, अशी जागा त्या तेलात नाही. डोस वाढवून ती तयार होत नसते.

ब्राझीलमध्ये रूपचंदचा भाऊबंद असलेल्या तांबाकी माशावर अशा अनेक तेलांच्या चाचण्या झाल्या आहेत. काचेच्या भांड्यात काढून ठेवलेले कृमी लिटरला हजारांवर मिलिग्रॅम तेलात काही मिनिटांत मरतात. ती मात्रा माशाला देता येत नाही. माशाला सोसवेल अशा शंभर-दीडशे मिलिग्रॅमच्या बाथमध्ये कल्ल्यांतले कृमी पूर्ण जात नाहीत आणि कल्ल्यांना इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. बाटलीवर "१०० टक्के परिणामकारक" असं छापलेलं दिसलं तर तो आकडा भांड्यातला की माशावरचा, हे विक्रेत्याला विचारा.

लवंगेच्या तेलाची गोष्ट थोडी निराळी आहे. ते माशांना भूल द्यायलाही वापरतात. लिटरला ४० ते १०० मिलिग्रॅममध्ये कार्प मासे बेशुद्ध होतात, त्यामुळे बाथसाठी १० ते २० च्या वर जाऊ नये. आणि जसा मासा सुन्न होतो तसा कृमीही. स्लाइडवर तो निश्चल दिसला म्हणजे मेलाच असं नाही. तेल लागलेले कृमी साध्या पाण्याच्या थेंबात हलवून अर्धा तास पाहा. पुन्हा लांब-आखूड होऊ लागले तर ते फक्त झोपले होते. "बाथनंतर स्लाइड स्वच्छ, आठवड्याने पुन्हा भरलेली" या तक्रारीतला काही भाग याच झोपलेल्या कृमींचा असतो. म्हणून मोजणी बाथनंतर लगेच करू नये, निदान २४ तास जाऊ द्यावेत.

बाथ चालू असताना मासे उलटले तर

आणखी पाणी घालून पातळ करत बसू नका, मासेच बाहेर काढा. शेजारी त्याच तापमानाच्या स्वच्छ पाण्याचा दुसरा टब आधीपासून तयार हवा. कल्ल्यांची झाकणं हलत असतील तर मासा दोन ते पाच मिनिटांत सरळ होतो. हलत नसतील तर मासा हातात धरून तोंड पाण्याच्या धारेकडे करा, म्हणजे पाणी तोंडातून कल्ल्यांवरून वाहील. मागे-पुढे हिंदकळू नका; उलट्या दिशेने पाणी गेलं की कल्ले दबतात.

कारणं साधारण ठरलेली असतात: टबात दाटी (५०० लिटरला दहा किलोपेक्षा जास्त मासे नकोत), विद्राव्य ऑक्सिजन ५ मिलिग्रॅमच्या खाली, दुपारचं गरम पाणी, किंवा तेच पाणी तिसऱ्या-चौथ्या खेपेला वापरणं. हवा सोडल्याने तेल उडत जातं, म्हणून दुसऱ्या खेपेला अंदाजाने "थोडं तेल वाढवलं" जातं आणि नेमकं किती उरलंय हे कोणालाच कळत नाही. प्रत्येक खेपेला नवं पाणी, नवं मिश्रण. काम सकाळी नऊच्या आत संपवा.

तळ्यात आधी उवेसाठी कीटकनाशक मारलेलं असेल तर तेलाचा बाथ निदान दोन आठवडे लांबवा. कल्ले आधीच सोललेले असतात. एरवी सोसणारी मात्राही मग मारक ठरते.

मागच्या वेळी लागू पडलेलं तेल या वेळी का नाही?

बऱ्याचदा बाटली बदललेली असते. नावापुरतं तेल आणि आत अर्धं सरकीचं किंवा दुसरं स्वस्त तेल, असं सर्रास चालतं. पांढऱ्या टिपकागदावर एक थेंब टाका आणि दोन दिवस ठेवा. सुगंधी तेल उडून जातं, फार तर पुसट रंग राहतो. तुपासारखा पारदर्शक डाग राहिला तर त्यात खायचं तेल आहे. टर्पेंटाइनची किंवा ग्लायकॉलची भेसळ या चाचणीत सापडत नाही. मोठी खरेदी असेल तर त्या लॉटचा गॅस क्रोमॅटोग्राफीचा (तेलातले घटक मोजणाऱ्या तपासणीचा) अहवाल मागा: लवंगेत युजेनॉल ७० टक्क्यांच्या वर, गवती चहात सिट्रल ७० टक्क्यांच्या आसपास किंवा वर. कन्नौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात तपासणी होते.

दुसरं कारण साठवण. अर्धी भरलेली बाटली शेडमध्ये पत्र्याखाली दोन उन्हाळे राहिली तर सिट्रल आणि टर्पिन हवेशी संयोग पावून बदलतात, आणि बदललेलं तेल माशाच्या कातडीला अधिक झोंबतं. तपकिरी काचेची लहान बाटली, घट्ट झाकण, सावली. फोडल्यावर सहा महिन्यांत संपवा.

कडुनिंबाचं तेल या यादीत बसत नाही. ते बियांचं पिळलेलं जड तेल आहे, पाण्यावर जाड थर धरतं. पिकांवर फवारायच्या निंबोळी औषधांत जी विद्रावकं असतात ती माशांना घातक ठरू शकतात. दुकानात दोन्ही एकाच फळीवर असतात म्हणून ती एका कामाची होत नाहीत.

खाद्यात तेल मिसळण्याचा मार्ग विचारला जातो. किलोभर खाद्याला एक ग्रॅम तेल, १०-१५ मिलिलिटर सोयाबीन तेलात कालवून चोळायचं, सावलीत अर्धा तास ठेवून त्याच दिवशी संपवायचं. कल्ल्यांतले कृमी घालवायला त्यावर विसंबू नये. कृमींनी बेजार झालेला मासा खातच नाही.

ऊ असेल तर तेलाआधी अंडी

आर्ग्युलसची मादी अंडी घालायला मासा सोडते आणि कठीण पृष्ठभागावर रांगेने अंडी चिकटवते. मातीच्या तळ्यात ती दगड, बांबू, पाणवनस्पती शोधते. प्लास्टिक कागद घातलेल्या शेततळ्यात तिला चहूबाजूंनी कागद, दोर आणि फ्लोट मिळतात. २८-३० अंशांत अंडी साधारण दोन आठवड्यांत फुटतात. तेलाने ती मरत नाहीत.

तळ्यात चार-पाच ठिकाणी फूट-दीड फूट लांब काळ्या पीव्हीसी पाइपचे तुकडे किंवा खरबरीत फळ्या दोरीने अर्धा मीटर खोल सोडा. दर पाच दिवसांनी बाहेर काढा. पिवळसर-तपकिरी दाण्यांच्या समांतर ओळी दिसतील. बोट फिरवलं तर खरखरीत लागतात. दिवसभर कडक उन्हात वाळवा, खरवडा, पुन्हा सोडा. पिकाला पाणी दिल्यावर तळ्याची पातळी उतरते तेव्हा उघडा पडलेला कागदही दोन दिवस तसाच सुकू द्या. त्याच दिवशी पुन्हा भरून घेतलं तर ही संधी गेली. पिंजऱ्यात जाळं बदलून वाळवणं हे याचंच रूप.

मोजके प्रजनक मासे असतील तर लवंगेच्या तेलाने हलकी भूल देऊन उवा चिमट्याने काढणं कोणत्याही बाथपेक्षा खात्रीचं आहे.

बाथनंतरचं पाणी आणि विक्री

टबातलं पाणी परत तळ्यात, ओढ्यात किंवा पिकाच्या मुळाशी सोडू नका. मोकळ्या कोरड्या जमिनीवर पसरवा. विक्रीच्या आधीचे दोन आठवडे तेल वापरू नये. मांसाला वास राहतो, आणि लवंगेच्या तेलाबाबत प्रश्न वासापुरता नाही: अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खाण्याच्या माशांसाठी त्याला मान्यता दिलेली नाही, त्यातल्या मिथाइल युजेनॉलबद्दल कर्करोगाची शंका हे त्यामागचं एक कारण. निर्यातीचा किंवा मोठ्या कंपनीला पुरवायचा माल असेल तर आधी खरेदीदाराच्या अटी वाचा.

तिसऱ्या बाथनंतर सात दिवसांनी पुन्हा पाच माशांची तीच कमान मोजा. पहिल्या बाथआधीच्या सरासरीच्या दहाव्या हिश्श्याखाली आकडा आला असेल तर थांबा आणि पंधरा दिवसांनी एकदा पाहा. थोडे कृमी निरोगी माशावरही असतात, शून्यासाठी चौथा-पाचवा बाथ देऊन कल्ले सोलवटू नका. आकडा अर्ध्यावरच अडला असेल तर चौथा बाथ न देता मागे जाऊन तीन गोष्टी तपासा: बाथच्या दिवसांतलं पाण्याचं तापमान, मासे परत कोणत्या पाण्यात गेले, आणि बाटलीचा लॉट.